दुसरा रकाना

ही हकिगत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विचारलंच तर अर्धी सांगायचो. अर्धी सांगितली की सगळी सांगितल्याचं समाधान मिळतं, हा माझा अनुभव. आता ऐंशीच्या जवळ आलोय. ही गोष्ट पूर्ण ठाऊक असलेलं दुसरं माणूस म्हणजे माझी बायको सुधा. ती दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे मी आता खोटं लिहिलं तरी पकडणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

ऑक्टोबर संपत आला की मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला भात वाळत पडतं. उन्हं चटके देतात, पण सावलीत गेलं की अंगाला गार लागतं. पेंढ्याचा वास कपड्यांना चिकटतो. बाया अनवाणी पायांनी भात उलटंपालटं करत जातात, आणि त्यांच्या पायांखालून येणारा आवाज दिवसागणिक बदलतो. पहिल्या दिवशी तो जड असतो, ओल्या वाळूसारखा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणे एकमेकांवर आपटून वाजायला लागतात. हा आवाज ऐकायला मी अजूनही संध्याकाळच्या आधी काठी टेकत रस्त्यावर जातो. परवा असाच उभा होतो, तर एकीनं हटकलं.

"काय आजोबा, कवाचं उभं हाव? भात मोजताव का काय?"

तिच्यासोबतची हसून म्हणाली, "सरकारी मानूस असंल गो. पिकाची पैसेवारी काढाय आला असंल. काय बोलू नको त्याच्यासमोर."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिशातून हात बाहेर काढले, काही नाही हे दाखवायला. कोणी आपल्याकडे असं बघितलं की आपण काही केलेलं नसतानाही चोर दिसायला लागतो. मग एका माणसाकडे मी असंच बघितलं होतं तेव्हा तो कसा दिसला असेल? दिसला चोरच. तो चोर नव्हता.

त्याचं नाव गणपत आगिवले. डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्याचा. जवळच्याच एका शाळेत प्राथमिक शिक्षक. नव्वदच्या दशकात मी मुरबाडला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होतो, आणि रविवारी शहापूरला बाहेरून एम.ए. करणाऱ्यांचे वर्ग घ्यायचो. त्यात हा चाळिशी उलटून गेलेला मास्तर पहिल्या बाकावर बसायचा. एकदा मी वर्गात संवेदनांबद्दल बोलत होतो. कान काय सांगतो, त्वचा काय सांगते, दात काय सांगतात. वर्ग सुटल्यावर तो थांबला.

"सर, आमच्या बाया भात वाळलं का नाय ते कानानं ओळखतात. हात घालून ढवळतात, आवाज ऐकतात, नि सांगतात. गिरणीवाला पण त्यांचं ऐकतो."

"दातानं नाही बघत?"

"बघतात ना. दाताखाली दाणा कट् करून तुटला की वाळला. पण ते खात्री करायला. आधी कानच."

घरी येताना एसटीत मला दुसरं काही सुचेना. परदेशातून एक नियतकालिक निघायचं. माणसाला जग कसं जाणवतं, एवढाच त्याचा विषय. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याचे जुने अंक मी चाळले होते. त्यात लेख छापून आला की माणसाची पत बदलते, असं आम्ही मुरबाडसारख्या ठिकाणचे प्राध्यापक एकमेकांना सांगायचो. आमच्यापैकी कोणाचाच आला नव्हता. त्यातल्या प्रयोगांतली माणसं अंधाऱ्या खोलीत बसून बटणं दाबायची. माझ्याकडे उन्हात बसलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या भात वाळवणाऱ्या बाया होत्या.

प्रयोग साधा होता. स्टीलच्या वाट्यांत कमी-जास्त वाळवलेलं भात. एकेका बाईनं प्रत्येक वाटी ढवळायची, कानाशी न्यायची, आणि सांगायचं: ओलं, अर्धवट, वाळलं की कडक. ते पहिल्या रकान्यात लिहायचं. मग त्याच वाट्या क्रम बदलून पुन्हा द्यायच्या, आणि या वेळी दाणा दाताखाली फोडून सांगायचं. ते दुसऱ्या रकान्यात. दातानं जास्त बरोबर सांगता येईल असा माझा अंदाज होता. किती जास्त, ते बघायचं होतं. भात प्रत्येक गावातलंच, त्याच हंगामाचं, ताजं घ्यायचं असं ठरलं. लेखावर दोघांचं नाव असणार होतं. गणपत मास्तरांना त्याचा उपयोगही होता. अध्यापक विद्यालयात व्याख्यात्याची एक जागा निघणार होती, आणि छापील लेख असला तर पाड्यातल्या मास्तरालाही कोणी नाही म्हणू शकलं नसतं.

धसईला मी स्वतः गेलो, वैशाखऱ्यालाही. ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. शेणानं सारवलेलं खळं, त्यावर ओळीनं मांडलेल्या वाट्या, आणि बायांची चेष्टा.

"सर, तुमच्या बाईंना येत नाय का भात बघाया? इथवर कशाला आलाव?"

"अगो, शहरातल्या बाया पिशवीतला तांदूळ आणतात. पिशवीला कान लावतील का?"

एकीनं सगळ्या वाट्या झटपट सांगून टाकल्या आणि म्हणाली, "झाला तुमचा पेपर? मग पास का नापास ते सांगा, मला म्हशी सोडायच्यात." मी हसत लिहीत होतो. दातानं त्या जास्त अचूक सांगत होत्या, कानानं थोड्या कमी. अगदी माझ्या अंदाजाप्रमाणे. तेव्हा मला या अंदाजाप्रमाणे होण्याचा संशय आला नाही.

तिसरं ठिकाण गणपत मास्तरांचा पाडा. तिथं मी गेलो नाही. डोळखांबपर्यंत एसटी, पुढे दोन-अडीच तास चढ. लोकांना मी सांगितलं की ताप होता. कणकण होती, ताप नव्हता. मास्तर म्हणाले, "तुमी आराम करा, मी आणतो करून." आठवड्यानं ते वही घेऊन आले. सगळं एका पेनानं, एका अक्षरात, खाडाखोड न करता लिहिलेलं. सुधानं चहा केला. मी वही चाळली आणि म्हणालो, "उत्तम."

मग लेख लिहिण्याचे दिवस आले. बाजारपेठेतल्या टायपिंगवाल्याकडे बसून एकेक पान. नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे दोन ओळींत अंतर, तक्ते वेगळ्या पानांवर, सगळ्याच्या तीन प्रती. पोस्टमास्तरनं पाकीट तराजूवर ठेवलं आणि म्हणाला, "सर, मुलीचं स्थळ बघताय का परदेशात?" मी गंभीरपणे म्हणालो, "शास्त्रीय लेख आहे." त्यानं पाकिटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. त्याचाही विश्वास बसला नसावा.

त्या लेखात एक वाक्य मी लिहिलं होतं. पद्धतीच्या भागात, अगदी मधे, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही असं. सगळी सत्रं मुख्य लेखकाच्या उपस्थितीत झाली. छोटं वाक्य. ते टाईप होत असताना गणपत मास्तर माझ्याशेजारी बसले होते. त्यांचं इंग्रजी बरं होतं. त्यांनी वाचलं असावं. ते काही बोलले नाहीत. मला त्यांचं न बोलणं तेव्हा आदराचं वाटलं, आणि पुढे त्याच न बोलण्यात मी दुसरंच काही बघितलं.

उत्तर यायला पावसाळा अर्धा सरला. निळसर पाकीट, त्यात संपादकांचं पत्र आणि दोन परीक्षकांचे शेरे. परीक्षकांची नावं नसतात. पहिल्यानं बरं म्हटलं होतं. दुसऱ्यानं तिसऱ्या गावाच्या तक्त्यावर बोट ठेवलं होतं. या ठिकाणचे दोन्ही रकाने इतके सारखे आहेत की दोन वेगळ्या चाचण्या प्रत्यक्षात घेतल्या गेल्या यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. लेखकानं खुलासा करावा.

मी तक्ता पुन्हा काढला. खरंच सारखे होते. दातानं सांगितलेलं आणि कानानं सांगितलेलं, जवळजवळ ओळीला ओळ. एवढे दिवस माझ्या नजरेतून ते कसं सुटलं होतं?

सुरुवातीला मला त्या परीक्षकाचाच राग आला. खेड्यातून आलेला लेख, न ऐकलेलं महाविद्यालय, म्हणून शंका. मोठ्या विद्यापीठातून आला असता तर विचारलं असतं का? एक दिवस मी त्याच्यावर धुसफुसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो गणपत मास्तरांवर. वरून आलेला संशय मी तसाच खाली ढकलला होता, आणि ढकलल्यावर मला हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

मग जे दिसेल ते पुरावा झालं. वही एका पेनानं लिहिलेली. उन्हात, खळ्यावर बसून लिहिलेल्या वहीवर मातीचा एक डाग नाही? माझ्या धसईच्या वहीवर चहाचं वर्तुळ होतं. खाडाखोड नाही. बाया काय एका दमात, न चुकता सांगतात? मला आठवलं की वही देताना ते माझ्याकडे न बघता सुधाशी बोलत होते. ते नेहमीच सुधाशी बोलायचे, तिच्या माहेरची भाषा त्यांना आवडायची. पण त्या दिवशीचं तेवढं मी उचललं. मी वर्गात फळ्यावर दोन सारख्या रेषा काढायचो आणि त्यांच्या टोकांना बाण काढून दाखवायचो की एक लहान दिसते, एक मोठी. डोळा कसा फसतो त्याचं उदाहरण. इथं दोन सारखे रकाने समोर होते, आणि त्यांच्याकडे बघून मला एक माणूस लहान दिसायला लागला. या वेळी बाण मीच काढले होते.

मी त्यांना बोलावून घेतलं. श्रावण होता. बाहेर पाऊस, आणि ते छत्री दाराबाहेर ठेवून ओल्या पायांनी आत आले.

तक्ता पुढे सरकवून मी विचारलं, "मास्तर, हे दुसऱ्या रकान्याचं काम घरी बसून केलंत का?"

त्यांना आधी कळलंच नाही. "घरी? घरी कशाला, खळ्यावर केलं ना."

"दोन्ही सारखे कसे मग?"

ते तक्ता बराच वेळ बघत राहिले. "सारखे आहेत खरे," ते म्हणाले. मग मान वर करून, "सर, मला नाय समजत. मी बसलेलो होतो तिथं. दाणे त्यांनी तोंडाशी नेले, नि सांगितलं, नि मी लिवलं."

"फोडताना तुम्ही बघितलंत?"

"त्या माझ्या भावजया नि सुना लागतात, सर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाय बसत. त्या पदर आड धरून बसल्या, मी वहीत बघून लिवलं."

"म्हणजे बघितलं नाहीत."

"तुमी चला एकदा," ते म्हणाले. "बायांना विचारू. तुमच्यासमोर विचारू. माझ्यावर नका ठेवू भरवसा, त्यांच्यावर ठेवा."

पाऊस आहे, वाट घसरडी आहे, संपादकांना लवकर उत्तर द्यायचं आहे, असं मी म्हणालो. ते उभे राहिले. दारात छत्री उघडताना सुधाला म्हणाले, "वहिनी, येतो." मला काही म्हणाले नाहीत. हे गप्प राहणंसुद्धा मी पुराव्यात धरलं.

आता इथपर्यंतची गोष्ट मी पूर्वी सांगत असे. पुढे म्हणत असे, "आणि मग मला बऱ्याच वर्षांनी खरं कळलं." हे खोटं आहे. खरं मला आठ दिवसांत कळलं होतं.

आठव्या दिवशी त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं. सुधारलेला लेख पाकिटात घालून तयार होता, पाकीट अजून चिकटवायचं होतं. पत्र मी जपून ठेवलं आहे, त्यातलं तसंच उतरवतो.

"आदरणीय सरांस, सा. न. वि. वि. मी पाड्यावर जाऊन बायांना विचारून आलो. त्या वेळी आमच्याकडे नवं झालं नव्हतं. दर साली भगत दिवस ठरवतो, देवाला नवं भात दाखवतो, मगच नवा दाणा तोंडात घेतात. गेल्या साली माझे चुलत आजे वारल्यानं सुतक होतं, म्हणून नवं पुढे गेलं होतं. मी शाळेजवळ राहतो, माझ्या ध्यानात राहिलं नाही. नवं झाल्याशिवाय नव्या दाण्याला दात लावत नाहीत. पण मी सांगतोय म्हणून त्यांनी दाणा पदराआड ओठापर्यंत नेला आणि खाली सोडला. मला नाही म्हणायला त्यांना वाईट वाटलं. सांगितलं ते पुन्हा कानाने आणि हातानेच. म्हणून दोन्ही रकाने सारखे. मी आधी विचारायला हवं होतं, ही चूक माझी. तुम्ही हे तसंच लिहून कळवावं. लेखाचं त्यात नुकसान नाही. उलट दोनदा विचारूनही बाया तेच सांगतात, दाताशिवाय सांगतात, हे सिद्ध होतं. वहिनींना नमस्कार."

मी ते दोनदा वाचलं. धसईला, वैशाखऱ्याला नव्याची पौर्णिमा होऊन गेल्यावर आम्ही गेलो होतो, दारांवर भाताच्या लोंब्या टांगलेल्या मी स्वतः बघितल्या होत्या. म्हणजे पत्रातलं प्रत्येक वाक्य जागच्या जागी बसत होतं. आणि म्हणूनच मी म्हणालो, "फार चोख बसतंय. आठ दिवस घेतले रचायला."

सुधानं पत्र माझ्या हातून घेऊन वाचलं. ती म्हणाली, "रचलं असेल तर पाड्यावर जाऊन विचारा. एक दिवस जाईल."

"तो आधीच सगळ्यांना पढवून आला असेल."

"बायांना? सगळ्या पाड्याला?" तिनं पत्राची घडी केली. "तुम्हाला तो खोटा असायला हवाय का हो?"

तिचं बरोबर होतं, आणि का हवा होता तेही मला ठाऊक होतं. पत्राप्रमाणे खुलासा करायचा तर मला संपादकांना लिहावं लागलं असतं की माझ्याच प्रयोगात दाणा फुटला की नाही हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी तिथं नव्हतो. म्हणजे ते छोटं वाक्य खोटं होतं. उलट तिसरं गाव लेखातून काढून टाकलं, तर उरलेल्या दोन गावांना मी हजर होतोच. पाडा वगळला की माझं खोटं वाक्य आपोआप खरं होत होतं. सुधारलेल्या लेखात मी हेच केलं होतं. मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे एका ठिकाणच्या नोंदी वगळल्या आहेत, अशी एक ओळ खाली घातली होती. वरचं दुसरं नाव काढलं होतं. घरात खोटं बोलणारा एकच माणूस होता, आणि तो दुसऱ्याच्या वहीवर मातीचे डाग शोधत बसला होता.

पाकीट चिकटवून मी त्याच दुपारी पोस्टात नेलं. पत्राला उत्तर पाठवलं नाही.

लेख छापून आला. अंक टपालानं आला तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले गेले. प्राचार्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर ते डोळखांबकडचे मास्तर होते ना, त्यांचं नाव कसं नाही? स्टाफरूममध्ये सात-आठ जण होते. मी म्हणालो, "त्यांनी आकडे घरी बसून भरले. वगळावं लागलं." चहा पिता पिता म्हणालो. सहा महिन्यांत ते वाक्य मुरबाडहून शहापूरला, शहापूरहून पंचायत समितीच्या कचेरीत पोचलं. तिथं गणपत मास्तर पगाराच्या कामाला गेले की माझ्याही ओळखीचा एक कारकून म्हणायचा, "या मास्तर! हजेरीपण घरी बसूनच भरता का?" लोक हसायचे. हे मला माझ्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, तोही हसतच. पुढे एकदा खरोखरच त्यांच्या शाळेची अचानक तपासणी झाली. हजेरीपटावरचं एकेक पोर उभं करून मोजलं. सगळी निघाली.

अध्यापक विद्यालयाची जागाही निघाली. त्यांनी अर्ज केला होता, आणि चौकशीसाठी संदर्भ म्हणून माझं नाव दिलं होतं. हे मला आजही उमगत नाही. एवढं सगळं होऊन त्यांनी माझं नाव का दिलं? मला फोन आला तेव्हा पहिली शंका हीच आली, की हा मला अडकवतोय. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे. नोंदींच्या बाबतीत मात्र..." आणि थांबलो. वाक्य पुरं करावं लागलं नाही. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी त्या लेखाच्या जोरावर दोन पायऱ्या वर चढलो.

काही वर्षांनी निवडणूक लागली. आम्हा प्राध्यापकांना मतदान केंद्रांवर पाठवायचे. यादीत माझं केंद्र निघालं ते नेमकं त्यांच्या पाड्याजवळच्या शाळेत. यादी कोणी केली असेल, यावर मी आजही कधी कधी विचार करतो. आदल्या दिवशी दुपारी पेट्या पोचवून मोकळा झालो. ऑक्टोबरच होता. एका घराच्या अंगणात भात वाळत घातलं होतं, आणि एक म्हातारी त्यात पाय ओढत फिरत होती. तिला लोक बुधीबाई म्हणत. मी बोलत उभा राहिलो आणि सवयीनं वाकून एक दाणा उचलला, तोंडात टाकला.

"ओ सायेब! थुका तो! थुका आधी!" ती हात वर करून धावलीच. "अजून नवं नाय झाला आमचा. दात नाय लावायचा."

मी थुंकलो.

"तुमचा दोस नाय," ती शांत होऊन म्हणाली. "तुमाला काय ठावं. मागं आमचा गनपत मास्तर वाट्या घिऊन आलावता. म्हनं दातानं फोड. आमी नुसता व्हटाला लावला नि सोडला. त्याला पदराआडून दिसतंय थोडंच!" ती हसली. तिला दात फारसे नव्हते. "शिकलेला पोर हाय, लिवाय बसलाय उन्हात. त्याचा मन कशाला मोडायचा?"

मी विचारलं, "मग त्यानं नंतर येऊन विचारलं का?"

"आला ना. पावसात आला. भिजून चिंब. खळ्यावरच्या समद्या बायांना विचारत फिरला, घरोघर. आमी घाबरलो, म्हटलं, मास्तर, तुमची नोकरी गेली का काय? म्हनला, नाय, नोकरी हाय. मग रडला."

"रडला?"

"पुरुस रडला तर बघू नाय म्हनून आमी भाकऱ्या थापाया गेलो."

मतदानाच्या दिवशी मी सही करायची जागा दोनदा चुकलो.

त्यानंतर तरी जायचं होतं. शहापूरला जाऊन, त्यांच्या शाळेवर जाऊन. गेलो नाही. माझ्या संशयानं आता नवीन वाट धरली होती. ते मला दारातच उभं करतील. ते ऐकून घेतील आणि गावभर सांगतील. ते माफ करतील, आणि मग मला त्या माफीखाली राहावं लागेल. बसल्या जागी मी त्यांचे सगळे चेहरे बघितले, आणि एकही चेहरा खरा की खोटा ते ताडून बघायला उठलो नाही.

मग एक निमंत्रण आलं. गणपत मास्तर निवृत्त होणार होते, शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता, आणि प्रमुख पाहुणा मी. सुधा म्हणाली, "हे देवानं दिलंय. तिथं बोला." मी चार ओळी कागदावर लिहिल्या. खिशात घातल्या. डोळखांबच्या एसटीत तीन वेळा वाचल्या.

मांडवात शंभरेक माणसं होती. डोक्याला मुंडासं बांधलेले म्हातारे, शाळेची पोरं, पाड्यातल्या बाया. मास्तरांना फेटा बांधला होता, तो एका कानावर कललेला. त्यांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, "नोंद म्हणजे काय, ती कशी करायची, हे मला सरांनी शिकवलं." टाळ्या झाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. टोमणा होता का? डोळे साधे होते. आयुष्यभर माणसाची जाणीव कशी चालते ते शिकवलेला मी, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना.

माईकपुढे उभा राहिलो. खिशात हात गेला. पुढे बसलेल्यांत पंचायत समितीचा तो कारकूनही दिसला, म्हातारा झालेला, पान चघळत बसलेला. कागदावरचं नेमकं त्याच्यासमोर म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आगिवले गुरुजी म्हणजे हाडाचे शिक्षक." कष्टाळू म्हणालो, मनमिळाऊ म्हणालो. शाल घातली, नारळ दिला. कागद खिशातच राहिला.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. एसटीला वेळ होता. फेटा काढून त्यांनी काखेत धरला होता. आम्ही दोघंच होतो. मग तेच म्हणाले:

"सर, एक सांगू? मनात किल्मिष नका ठेवू. मी तेव्हा एक पत्र टाकलं होतं तुम्हाला. तुमचं उत्तर आलं नाय, नि लेख छापून आला, तेव्हाच मी समजलो. पत्र उशिरा पोचलं असणार. नायतर पोचलंच नसणार. पावसात आमच्याकडलं टपाल काय खरं नाय. पत्र मिळालं असतं तर तुमी असं केलं नसतं, मला ठाव हाय."

ते माझ्याकडे बघत होते. दहा-अकरा वर्षं हा माणूस त्या एका समजुतीवर मला चांगला मानत आला होता. मी मान हलवली. हो म्हणायला हलवतात तशी. "पोस्टाचं असंच असतं," मी म्हणालो.

"असंच," ते म्हणाले, आणि हसले.

एसटी आली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी चढलो. पुढच्या वर्षी त्यांना कावीळ झाली, शहापूरला हलवलं, आणि तिथं ते गेले. मला कळेपर्यंत दिवस होऊन गेले होते. लेख आजही त्या अंकात माझ्या एकट्याच्या नावानं आहे, तळाला हलगर्जीपणाची ती ओळ आहे, आणि ती खोटी आहे हे मी इथं लिहून देतो. हे ज्यांच्यासाठी लिहायचं ते वाचणार नाहीत, हे मला कळतं. तरी त्या रस्त्यावर, एसटी यायच्या आधी, मला एवढंच म्हणायचं होतं, आणि एवढंच मी म्हणालो नाही:

गणपत मास्तर, तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं.